'स्फूर्ती'चा रफार कापला जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत संगणकावरच्या नव्या मराठी फॉन्टांचं कौतुक वाचलं. कौतुक रास्त आहे. 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' मी स्वतः रोज वापरते. फुकट मिळतो आणि डोळ्यांना त्रास देत नाही. पण 'फॉन्ट बदलला की सॉफ्टवेअर मराठी झालंच' असा त्या लेखाचा सूर होता, तो मात्र पटला नाही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि इथल्या वाचनालयासाठी सभासदांची आणि पुस्तकांची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहिला. खिडक्या, बटणं, तक्ते यांसाठी 'टीकिंटर' हे टूलकिट घेतलं. ते सहसा पायथनसोबतच येतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. आमचे ग्रंथपाल पंचाहत्तरीचे. त्यांची मागणी एकच, "ताई, अक्षर तेवढं मोठं करा."

टीकिंटरमध्ये एक सामायिक फॉन्ट असतो. त्याचा आकार वाढवला की त्यावर चालणारी बटणं आणि लेबलं आपोआप वाढतात. तशी ती वाढलीही. पुस्तकांच्या तक्त्यातलं अक्षरही वाढलं, पण ओळ होती तेवढीच राहिली. तिची उंची २० पिक्सेल अशी ठोकून दिलेली. मी वापरलेल्या ८.६ आवृत्तीत फॉन्ट कितीही वाढो, ती हलत नाही. १८ च्या अक्षरात 'स्फूर्ती'चा वरचा रफार गेला आणि खालचा उकारही गेला. इंग्रजी अक्षर अशा ओळीत अंग चोरून तरी बसतं, आपल्याला वर मात्रेला आणि खाली उकाराला अशी दोन्हीकडे जागा लागते. शेवटी फॉन्टलाच त्याची उंची विचारली, तीत ६ मिळवले आणि तो आकडा हाताने भरला. खरं तर हे काम टूलकिटने करायचं.

मग एका सभासदाने वाचनालयाला जुना लॅपटॉप दिला, त्यावर लिनक्स. 'मुक्ता' तिथे नव्हता. टीकिंटरने त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, गुपचूप दुसराच फॉन्ट लावून मोकळं झालं. 'मुक्ता' बसवला, तर पुढचीच गंमत. 'बालसाहित्य'मधली 'हि'ची वेलांटी ह ओलांडून पलीकडे उभी, 'त्य' सुटून दोन तुकडे, आणि आमच्या 'कऱ्हाड'मधला अर्धा र पाय मोडून टिंबासकट वेगळा पडलेला. यात फॉन्टचा काही दोष नाही. वेलांटी मागे घ्यायची, जोडाक्षर जुळवायचं हे काम विंडोज आणि मॅकवर ती प्रणालीच करते. लिनक्सवर ते 'हार्फबझ'सारखी लायब्ररी (म्हणजे तयार कोडचा संच) करते. पण ८.६ आवृत्तीतलं टीकिंटर तिथे 'एक्सएफटी' या दुसऱ्या लायब्ररीकडून अक्षरं काढून घेतं, आणि एक्सएफटी एकापुढे एक अक्षर नुसतं मांडत जातं.

आणखी एक. २००९ मध्ये राज्य शासनाने मराठी ल आणि श यांची वळणं ठरवून दिली. काही फॉन्टांत मराठी आणि हिंदी दोन्ही वळणं असतात. पण 'हा मजकूर मराठी आहे' हे टूलकिटला सांगायचं कुठे? टीकिंटरमध्ये तशी जागाच नाही.

'क्यूटी' या दुसऱ्या टूलकिटमध्ये हार्फबझ आहे, फॉन्ट बदलल्याची वर्दीही प्रत्येक घटकाला मिळते. म्हणून तोच प्रोग्राम आता क्यूटीत नव्याने लिहायला बसले आहे. या वयात!

नवे फॉन्ट जरूर निघोत. पण 'फॉन्ट बदला' ही सोय टूलकिटमध्ये बसवणारे लोक ती बहुधा इंग्रजी मजकुरावरच तपासत असणार, त्यांना 'स्फूर्ती' कोण दाखवणार? यातली बरीच टूलकिटं मुक्त आहेत, चुका कळवायची सोय सर्वांना खुली आहे. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी ढिगाने 'ग्रंथालय व्यवस्थापन' प्रकल्प होतात (बहुतेक एकमेकांचेच). त्यातल्या चार मुलांनी आठवडाभर मराठी शब्द भरून, काय तुटतं त्याची चित्रं काढून कळवली, तर तो प्रकल्प कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आपल्या पुरवणीने यावरही एकदा लिहावं, ही विनंती.

ग्रंथपालांना तूर्त विंडोजचा जुना संगणकच दिला आहे. लॅपटॉपवर संध्याकाळी मुलं बुद्धिबळ खेळतात.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, कऱ्हाड
(छापताना कृपया 'कराड' करू नये.)