व्हीआरचा अभ्यासक्रम सड्यावरून सुरू व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोकणात व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा रीतसर विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू व्हावा, असं मला मनापासून वाटतं. व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजेच व्हीआर, हे डोळ्यांवर हेडसेट चढवून संगणकाने उभ्या केलेल्या जगात वावरण्याचं तंत्र आहे. रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचा उपपरिसर आहे, लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. हा विषय शिकायला आमच्या मुलांनी मुंबई-पुण्यात खोली शोधत फिरायचं काही कारण नाही. पण तो कसा शिकवायचा, हे आधी ठरलं पाहिजे. संगणक विभागाच्या एका खोलीत तो कोंडला, तर मुलं आयत्या मिळणाऱ्या नमुन्यांतून एखादं अवकाशयान किंवा गोळीबाराचा खेळ जुळवतील आणि गुण घेऊन मोकळी होतील. त्यापेक्षा त्यांच्या हाती एक खरी जागा द्यावी आणि संगणक, इतिहास, भूगोल, चित्रकला अशा विभागांच्या मुलांना तिच्यासाठी एकत्र कामाला लावावं. ही जागा म्हणून मी आपली कातळशिल्पं, म्हणजे सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) प्राचीन काळी कोरलेली चित्रं, सुचवते.

कातळशिल्पंच का, तर तिथे व्हीआरची खरोखर गरज आहे. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. प्रत्यक्ष तिथे उभं राहिलं की पायाजवळच्या रेषा दिसतात, अख्खा हत्ती दिसत नाही. ड्रोनच्या फोटोत हत्ती दिसतो, पण तो केवढा आहे हे कळत नाही, कारण तो हातातल्या मोबाइलएवढाच असतो. रेषेवरून चालायचं आणि मग वर जाऊन तीच रेषा सोंडेची आहे की पायाची ते बघायचं, हा अनुभव हेडसेट देऊ शकतो.

आणि इथेच मुलांचा खरा अभ्यास सुरू होतो. पाहणाऱ्याला सरळ वर उचललं तर त्याला मळमळतं. डोळे सांगतात आपण वर चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण जागेवरच आहोत. मग क्षणभर अंधार करून त्याला एकदम उंचावर न्यायचं, की त्याला जागेवर ठेवून कातळच त्याच्यासमोर भिंतीसारखा उभा करायचा? दोन्ही करून बघावं लागेल, लोकांना दाखवावं लागेल. मान वळवल्यावर समोरचं चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदललं पाहिजे आणि दोन्ही डोळ्यांसाठी सेकंदाला ९० चित्रं उमटली तर उत्तम, हे पुस्तकात वाचून मुलं विसरतात. स्वतः केलेल्या मॉडेलने मित्राला गरगरलं की मात्र ते पक्कं लक्षात राहतं.

मॉडेल करायचं तर एकमेकांवर ७०-८० टक्के येतील असे शेकडो फोटो काढून संगणकाला जोडायला द्यायचे. त्यातून लाखो-कोटी बारीक त्रिकोण जोडून बनलेला कातळ तयार होतो, जो संगणकाशिवाय स्वतंत्र चालणाऱ्या हेडसेटला पेलत नाही. तो हलका करावा लागतो, आणि हलका करताना सगळ्यात आधी पुसल्या जातात त्या उथळ रेषा, म्हणजे शिल्पच! कोणती रेषा माणसाने कोरलेली आणि कोणती जांभ्याची नैसर्गिक भेग, हे संगणकाच्या मुलाला कळणार नाही. त्याच्या शेजारी इतिहासाची आणि भूगोलाची मुलं बसलेली हवीत. वेगवेगळ्या विभागांना एकत्र आणा असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

वेळापत्रक मात्र आपल्या पावसाप्रमाणे बसवावं लागेल. जून ते ऑक्टोबर सड्यावर पाणी आणि गवत असतं. तेव्हा पावसाळी सत्रात ब्लेंडर (त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) आणि युनिटी (ते व्हीआरमध्ये चालवायचं सॉफ्टवेअर) शिकवावं, खोलीतल्या खोलीत एखाद्या जात्याचं किंवा समईचं मॉडेल करून घ्यावं आणि डिसेंबरात सड्यावर जावं. फोटो सूर्य वर येण्याआधीच्या मऊ उजेडात काढावे लागतात, नाहीतर कडक सावल्या मॉडेलला कायमच्या चिकटतात. रेषा नीट वाचायला तिरपं ऊन लागतं, त्यासाठी वेगळी फेरी करावी. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास आणि सिद्धांताच्या एका श्रेयांकाला १५ तास मिळतात. एकूण चार श्रेयांक धरले, तर त्यांतले तीन प्रात्यक्षिकाला द्यावेत. विषयाचा इतिहासही मुलांना कळावा. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली संगणकाची चित्रं दाखवणारं, डोक्यावर घालायचं सुरुवातीचं यंत्र केलं, ते छताला टांगलेलं होतं आणि त्यात फक्त रेषांची चित्रं दिसत. त्याला एक-दोन तास पुरेत.

खरेदीबद्दल स्पष्ट लिहिते. वीस हेडसेट घेऊन त्यांचा समारंभ करू नये. चौघांत एक पुरतो. एकाने तो घालायचा, दुसऱ्याने संगणक बघायचा, तिसऱ्याने काय बिघडतंय ते टिपायचं आणि चौथ्याने घालणारा भिंतीवर आपटू नये म्हणून जवळ उभं राहायचं. पुठ्ठ्याच्या डब्यात मोबाइल घालून ओळख करून देता येते, पण त्यात फक्त मान फिरते, पाऊल पुढे टाकलं तरी आपण तिथेच राहतो. कातळशिल्पावर तर चालायचं आहे, म्हणून थोडे का होईना खरे हेडसेट हवेतच. उरलेले पैसे चांगल्या ग्राफिक्स कार्डांच्या संगणकांवर आणि इन्व्हर्टरवर घालावेत. आपल्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, हे कॅमेरा बाळगणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. हेडसेट ठेवायला कोरडं कपाट लागेल आणि त्याची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात हवी.

परीक्षा लेखी नको. मुलांनी आपलं काम शिल्पाच्या गावात न्यावं आणि ज्यांना आता सडा चढवत नाही अशा आजी-आजोबांना ते दाखवावं. कोण कुठे अडलं, कोणी काय विचारलं, मुलांनी त्यावर काय बदललं, याला गुण द्यावेत.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, पण त्यांतली बरीचशी लोकांच्या खासगी जमिनीत आहेत. कॅमेरा काढण्याआधी जमीनमालकाच्या पडवीत बसून परवानगी मागायला मुलांनी शिकलं पाहिजे. तयार मॉडेलची एक प्रत ग्रामपंचायतीला मिळावी. फारशा माहीत नसलेल्या शिल्पांचा नेमका पत्ता मॉडेलसोबत जाहीर करू नये, कारण राखण करायला तिथे कोणी नसतं.

पुढच्या वर्षांसाठी विषयांची ददात नाही. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशात गेले. दशावतार आहे. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाबरोबर वादळात नौका सांभाळण्याचं प्रशिक्षण तयार करता येईल. याने नोकरी मिळेल का, असं पालक विचारतील आणि त्यांनी विचारावंच. त्रिमितीय मॉडेल करणं आणि ते हलकं करून चालवणं हे काम गेम, वास्तुरचना आणि कारखान्यांतलं प्रशिक्षण या तिन्ही ठिकाणी लागतं.

येत्या जूनमध्ये सुरुवात करायची असेल, तर अभ्यासक्रमाची समिती आत्ताच नेमायला हवी. तिच्यात संगणकाच्या प्राध्यापकांबरोबर इतिहासाचा आणि चित्रकलेचा शिक्षक असावा, आणि कातळशिल्प असलेल्या एखाद्या गावचा प्रतिनिधीही पहिल्या बैठकीपासून असावा.

आपली,
संगणकशास्त्राची एक शिक्षिका, रत्नागिरी