‘साध्या पावात तीळ नसतात’ : काउंटरवर मिळालेल्या चुकीच्या खात्रीबद्दल तक्रार

प्रति,
माननीय प्रमुख,
ग्राहक तक्रार निवारण विभाग,
मुख्य कार्यालय

विषय : ॲलर्जीची स्पष्ट कल्पना देऊनही तिळाचा संसर्ग झालेले सँडविच दिल्याबद्दल, आणि पहिल्या तक्रारीला मिळालेल्या उत्तराबद्दल.

महोदय/महोदया,

गेल्या महिन्यात आपल्या एका शाखेत खाल्लेल्या सँडविचमुळे माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला रुग्णालयात एक रात्र काढावी लागली. याविषयी मी आपल्या ग्राहक सेवेकडे लेखी तक्रार केली होती. त्यावर आठ दिवसांनी ‘झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ अशी दोन ओळींची ईमेल आणि पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आले. ते कूपन मला वापरायचे नाही. बसायला जागा मिळाली नाही, मागवलेला सॉस घालायचा राहिला, तर ती गैरसोय. मुलाचा श्वास अडकू लागणे याला मी गैरसोय म्हणू शकत नाही, आणि आपणही म्हणू नये, म्हणून हे दुसरे पत्र थेट आपल्या नावे पाठवत आहे.

माझ्या मुलाला तिळाची तीव्र ॲलर्जी आहे. बाहेर खायचे म्हटले की आमची तयारी आदल्या दिवशीच सुरू होते. त्याप्रमाणे मी आपल्या संकेतस्थळावरील ॲलर्जीविषयक तक्ता आधी वाचला. त्यात कोणत्या पावांवर तीळ असतात हे दिलेले आहे, आणि आम्ही निवडलेल्या साध्या पावापुढे तिळाची खूण नाही. शाखेत गर्दी होती. आमची पाळी आली तेव्हा काउंटरमागच्या तरुण कर्मचाऱ्याला मी सांगितले, “याला तिळाची ॲलर्जी आहे. तिळाचा पाव नको, आणि तिळाला लागलेला हात किंवा चाकूसुद्धा याच्या सँडविचला लागायला नको. जमेल का?” तो लगेच म्हणाला, “हो मॅडम, काळजी करू नका, साध्या पावात तीळ नसतात.”

हे वाक्य मी तेव्हापासून अनेकदा मनात घोळवले आहे. त्यात एक शब्दही खोटा नाही. साध्या पावात तीळ नसतात हे खरेच. पण मी विचारले होते हाताबद्दल आणि चाकूबद्दल, आणि उत्तर मिळाले पावाबद्दल. उत्तर इतक्या आत्मविश्वासाने आले की दोन्हींतला फरक माझ्याही लक्षात आला नाही. माझी तक्रार याच जागी आहे. त्याने “मला नक्की सांगता येणार नाही” एवढे म्हटले असते तरी मी त्याचे मनापासून आभार मानून मुलाला घेऊन बाहेर पडले असते.

पुढे काय झाले ते काचेच्या अलीकडून मी स्वतः पाहिले आहे. आमच्या आधीच्या ग्राहकाने तीळ लावलेला पाव घेतला होता. तो पाव ज्या हातमोज्यांनी काढला आणि कापला, त्याच हातमोज्यांनी आमचा पाव काढला गेला. चाकू पाण्याने धुतला गेला नाही, शेजारच्या ओल्या फडक्याला दोन्ही बाजूंनी पुसून घेतला गेला. कापायच्या फळीवर आधीच्या पावाचा चुरा तसाच होता आणि आमचा पाव त्यावरच उघडला गेला. चीज घालून झाल्यावर तो पाव दुसऱ्या कर्मचाऱ्याकडे सरकवण्यात आला. तिने काकडी, टोमॅटो, कांदा घातला. मी ॲलर्जीबद्दल जे सांगितले होते ते तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, कारण तिने मला सर्वांत आधी विचारले ते, ताहिनीचा सॉस घालू का, असे. ताहिनी म्हणजे वाटलेले तीळ. मी घाईघाईने नाही म्हटले, तिने हात आवरला, आणि तेव्हा मला हायसे वाटले. वास्तविक मी तिथेच थांबायला हवे होते. पण दोघांच्याही हातात मोजे होते, सगळे डोळ्यांसमोर चालले होते आणि काच लखलखीत होती. त्या स्वच्छतेवर मी विसंबले.

दोन-तीन घास झाले असतील. मुलगा म्हणाला, “आई, घशात काहीतरी टोचतंय.” मी त्याच्याकडे पाहिले तर खालच्या ओठाची एक कड सुजू लागली होती. बघता बघता मानेवर आणि कानामागे गांधी उठल्या आणि कोरडा खोकला सुरू झाला. त्वचेवर पुरळ आणि त्याच वेळी श्वासाचा त्रास दिसला तर वाट पाहायची नाही, ॲड्रेनालिनचे इंजेक्शन ताबडतोब द्यायचे, असे आमच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलेले आहे. ते पेनसारखे इंजेक्शन नेहमी माझ्या पर्समध्ये असते. मी ते त्याच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, पँटवरूनच टोचले. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी रुग्णवाहिका बोलावली. अशी प्रतिक्रिया ओसरल्यानंतर काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवले गेले. आज तो बरा आहे. मात्र शाळेचा डबा उघडण्याआधी तो आता मला दोनदा विचारतो की हे नक्की घरीच केले आहे ना.

उरलेले सँडविच ज्या कागदात गुंडाळले होते तो कागद मी जपून ठेवला. घरी येऊन तो दिव्याखाली उलगडला तेव्हा घडीत चार तीळ चिकटलेले दिसले. पाचवा पावाच्या कापलेल्या कडेत अर्धा रुतलेला होता आणि ओव्हनमध्ये भाजून तांबूस झालेला होता. त्याचे छायाचित्र सोबत जोडले आहे. तीळ भाजल्याने ॲलर्जी करणारा त्यातला घटक निकामी होत नाही, त्यामुळे ‘गरम करून दिले होते’ हे उत्तर या बाबतीत उपयोगाचे नाही.

आपल्या प्रशिक्षणात जो गोंधळ मला जाणवला तो इथे सविस्तर लिहिते. आपले कर्मचारी अस्वच्छ होते असे मी म्हणत नाही. त्यांना जंतूंपासूनची स्वच्छता शिकवलेली आहे आणि ती ते पाळत होते. पण ॲलर्जीचा विचार वेगळा करावा लागतो. जंतू मारता येतात, म्हणून फडके जंतुनाशकात बुडवून ठेवले की काम भागते. तिळातले प्रथिन मुळात जिवंतच नसते, त्यामुळे त्याला मारण्याचा प्रश्नच येत नाही. ते साबण-पाण्याने धुऊन काढावे लागते. हाताला लावायच्या अल्कोहोलच्या जेलनेही ते जात नाही. हातमोजा कर्मचाऱ्याच्या हातावरचे जंतू अन्नात जाऊ देत नाही हे खरे, पण मोज्याने ज्या ज्या वस्तूला स्पर्श केला ती वस्तू तो पुढच्या पावापर्यंत घेऊन जातो. न बदललेला हातमोजा आणि न धुतलेला हात यांत ॲलर्जी असलेल्या माणसाच्या दृष्टीने काहीही फरक नाही.

हा प्रश्न माझ्या एकटीच्या मुलाचा नाही. २०१६ साली नताशा एडनान-लापरूझ या १५ वर्षांच्या ब्रिटिश मुलीने विमानतळावर विकत घेतलेला बगेट (लांबट फ्रेंच पाव) खाल्ला आणि त्यानंतर तिचा मृत्यू झाला. त्यात तीळ पिठातच मळलेले होते आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ब्रिटनमध्ये दुकानातच बनवून आधीच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवर सर्व घटकांची यादी छापणे आणि त्यातील ॲलर्जीकारक घटक ठळक दाखवणे बंधनकारक झाले. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तिळाची गणना प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत होते. आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने तर खाद्यव्यवसायांनी ॲलर्जीकारक घटक कसे हाताळावेत याची स्वतंत्र आचारसंहिताच २०२० मध्ये स्वीकारली आहे. बांधून ठेवलेल्या सँडविचला निदान लेबल तरी असते. आपल्याकडे ग्राहकासमोर बनणाऱ्या सँडविचला तेही नसते. तिथे काउंटरमागच्या माणसाचा शब्द हेच लेबल असते, म्हणून त्या शब्दाची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

आपल्या ईमेलमध्ये आणखी एक वाक्य होते, ‘सदर शाखा स्वतंत्र फ्रँचायझीधारक चालवतात.’ व्यवस्था तशी असेलही. परंतु पाटी आपली आहे, गणवेश आपला आहे, पावाचे गोठवलेले पीठ कोठून घ्यायचे आणि काकडीच्या चकत्या किती घालायच्या हेही आपणच ठरवता. जी कंपनी चकत्यांची संख्या ठरवू शकते, ती ॲलर्जी सांगणाऱ्या ग्राहकासाठी मोजे बदलण्याचा नियमही ठरवू शकते.

आपल्या तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेले आहे की सर्व पदार्थ एकाच ठिकाणी तयार होत असल्याने कोणत्याही पदार्थात इतर घटकांचे अंश येऊ शकतात. म्हणजे मुख्य कार्यालयाला हा धोका माहीत आहे, काउंटरमागे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला तो माहीत नाही. ही तळटीप ज्याने तोंडाने सांगायला हवी होती, त्याच्यापर्यंत ती कोणी पोहोचवलीच नाही. म्हणूनच माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे की त्या कर्मचाऱ्याला कामावरून काढू नये, त्याच्या पगारातून काही कापू नये. मागे रांग ताटकळत होती, त्याला जेवढे शिकवले होते तेवढे त्याने नम्रपणे केले. रुग्णवाहिका येईपर्यंत तो आमच्याजवळ उभा होता आणि त्याचे हात थरथरत होते.

मला आपल्याकडून पैसे परत नकोत. ग्राहकाने ॲलर्जीचा उच्चार केला की काम तिथेच थांबले पाहिजे. त्या कर्मचाऱ्याने साबणाने हात धुवावेत, नवे मोजे घालावेत, धुतलेला चाकू आणि धुतलेली फळी घ्यावी, ओव्हनमध्ये नवा कागद घालावा, आणि ते सँडविच पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्यानेच बनवावे, म्हणजे निरोप वाटेत हरवणार नाही. भाज्यांच्या उघड्या डब्यांत दिवसभर सगळे मोजे जात असतात, तेव्हा अशा ग्राहकासाठी आतून न उघडलेला डबा आणावा. तिळाचे पाव सध्या मांडणीच्या वरच्या खणात ठेवलेले मी पाहिले. तीळ गळून खालीच पडतात, तेव्हा ते पाव सर्वांत खाली किंवा झाकणबंद ठेवावेत, यासाठी तर काहीच खर्च नाही. आणि जिथे हे जमणार नसेल तिथे ‘आम्ही सुरक्षिततेची खात्री देऊ शकत नाही’ असे मोकळेपणाने सांगण्याची मुभा, किंबहुना सूचना, प्रत्येक कर्मचाऱ्याला असावी. अशा उत्तराने आपले एक गिऱ्हाईक त्या दिवशी परत जाईल. मला ते उत्तर मिळाले असते तर मी आपल्याकडे पुन्हा विश्वासाने आले असते.

एक भीती मात्र आधीच बोलून दाखवते. अमेरिकेत नवा कायदा आल्यावर काही पाव बनवणाऱ्या कंपन्यांनी यंत्रे काटेकोर धुण्याऐवजी ज्या पावांत पूर्वी तीळ नव्हते त्यांतही तिळाचे पीठ मिसळले आणि लेबलवर ‘तीळ आहेत’ असे छापून मोकळ्या झाल्या. कागदोपत्री त्यांचे बरोबर होते, पण ज्यांच्यासाठी कायदा झाला त्यांनाच खायला पाव उरेना. माझ्या तक्रारीवर आपण असा उपाय शोधू नये.

पावती, रुग्णालयाच्या कागदपत्रांची प्रत, गुंडाळलेल्या कागदाचे छायाचित्र आणि आपले न वापरलेले कूपन सोबत जोडले आहे. मूळ कागद आणि त्यातले तीळ माझ्याकडे आहेत. आपला प्रतिनिधी पाहायला आला तर दाखवीन. शाखांना कोणती लेखी सूचना दिली आणि ती केव्हापासून लागू झाली, एवढे मला पंधरा दिवसांत लेखी कळवावे. तसे न झाल्यास हीच कागदपत्रे मी अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांकडे आणि ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे सादर करीन.

आपली,
एक ग्राहक आणि आई