‘ए.’ म्हणजे ॲलिस

प्रिय मावशी,

फोनवर आभार मानले तेव्हा तुम्ही “अगं, त्यात काय एवढं” म्हणून विषय संपवलात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

फेब्रुवारीत आपल्या मंडळात मला अमेरिकेतल्या सुरुवातीच्या कृष्णवर्णीय चित्रपटांवर पंधरा मिनिटं बोलायचं होतं. टिपण तयार होतं. त्यात सगळीकडे ऑस्कर मिशो: साउथ डकोटात जमीन कसणारा, कादंबऱ्या लिहिणारा, १९१९ मध्ये आपला पहिला चित्रपट काढणारा कृष्णवर्णीय दिग्दर्शक. शेवटी एक ओळ होती, ‘त्यांच्या पत्नी ॲलिस रसेल यांनीही काही भूमिका केल्या.’ तुम्ही त्या ओळीवर पेन्सिल टेकवलीत आणि विचारलंत, “आणि ही बाई कोण, ते नाही सांगायचं?”

त्या शनिवारी तुम्ही मला ग्रंथालयात घेऊन बसलात. इतकी वर्षं तिथे नोकरी करून निवृत्त झालेल्या तुम्ही, गुडघे दुखत असताना, चार तास त्या खुर्चीत होतात. जुन्या चित्रपटाची श्रेयनामावली आली, तुम्ही चित्र थांबवलंत आणि पडद्यावरच्या एका नावाखाली बोट ठेवलंत. निर्माता, ए. बर्टन रसेल. हे नाव मी आधीही वाचलं होतं आणि कुणी पैसे घालणारे गृहस्थ असतील असं धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, “‘ए.’ म्हणजे ॲलिस. बर्टन तिचंच मधलं नाव.”

माझ्या अंगावर काटा आला, मावशी.

१८८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेल्या ॲलिसचं लग्न २० मार्च १९२६ ला इथल्याच, न्यू जर्सीतल्या माँटक्लेअरमध्ये, तिच्या आईच्या घरी मिशोंशी झालं. त्या गावावरून मी रोज कामाला जाते! दोन वर्षांत मिशोंच्या कंपनीचं दिवाळं निघालं, पाठोपाठ बोलपट आला. दक्षिणेत कृष्णवर्णीय प्रेक्षकांना वरच्या सज्जात नाहीतर मध्यरात्रीच्या वेगळ्या खेळाला बसवत, त्यांच्यासाठीचे चित्रपट वेगळे निघत. पैसे इतके कमी की संवाद अडखळला तरी तोच तुकडा ठेवायचा. मिशो रिळं गाडीत घालून गावोगाव विकत फिरायचे. त्या काळात ॲलिस कॅमेऱ्यासमोरही उभी राहिली आणि निर्मितीही तिच्या नावावर लागली.

१९३८चा ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रन’ आपण दोनदा पाहिला. तिची मिसेस सॉन्डर्स. एक परकी बाई उजळ रंगाचं तान्हं मूल तिच्याकडे सोपवून निघून जाते. पुढे तीच मुलगी, नेओमी, मोठी होते आणि गोऱ्यांत मिसळून जगता यावं म्हणून स्वतःचं बाळही हिच्याच पदरात टाकते. ॲलिसच्या बोलण्यात आव नाही, ती फक्त मूल घेते. दुसऱ्यांदा पाहताना मला रडू आलं, तेव्हा तुम्ही काही न बोलता पाण्याची बाटली पुढे केलीत.

न्यूयॉर्कमध्ये या चित्रपटाविरुद्ध निदर्शनं झाली. रंगाच्या छटांवरून आपल्याच माणसांना हिणवतो, हा आक्षेप होता आणि तो खोटा नव्हता. ते मी गाळणार होते. तुम्ही गाळू दिलं नाहीत. “तिचं कौतुक करायचं म्हणून तिला देव्हाऱ्यात नको बसवूस,” हे तुमचं वाक्य मी टिपणाच्या वर लिहून ठेवलं.

१९४८ मध्ये तीन तासांहून लांब ‘द बिट्रेयल’ आला, त्यातही ती होती. चित्रपट पडला. १९५१ मध्ये मिशो गेले. ॲलिस त्यांच्यानंतर चौतीस वर्षं जगली आणि १ जानेवारी १९८५ ला न्यू रोशेलमध्ये वारली. हॉलिवूडच्या फुटपाथवर मिशोंच्या नावाचा तारा १९८७ मध्ये बसला. तो पाहायचं तिचं दोन वर्षांनी हुकलं, याची मला अजून हळहळ वाटते.

मंडळात मी बोलायला सुरुवात त्याच थांबवलेल्या चित्रापासून केली. शेवटच्या रांगेतल्या एका आजोबांनी नंतर येऊन नाव वहीत लिहून घेतलं, मधल्या बर्टनसकट.

मावशी, तुमचा पोह्यांचा डबा अजून माझ्याकडेच आहे. या शनिवारी घेऊन येते. मारिया पी. विल्यम्सबद्दल विचारायचंय. १९२३च्या ‘द फ्लेम्स ऑफ रॅथ’ची निर्माती. तिच्याविषयीही माझ्याकडे सध्या एकच ओळ आहे.

तुमची,
डबा न परत केलेली भाची