काळ्या पाषाणातील फेल्डस्पारची ओळख व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर फुटलेल्या काळ्या पाषाणात काही ठिकाणी उन्हात चमकणारे पांढरट कण दिसतात आणि पालक मुलांना ती गारगोटी असल्याचे सांगतात, हे मी अनेकदा ऐकले आहे. वस्तुतः ते फेल्डस्पार हे खनिज असते. गारगोटी वेडीवाकडी फुटते; फेल्डस्पार मात्र जवळजवळ काटकोनातील दोन दिशांनी सपाट दुभंगतो आणि त्या सपाट पृष्ठांमुळेच तो लकाकतो. खनिजांची कठिनता मोजणाऱ्या मोह्स श्रेणीत त्याची कठिनता ६, तर गारगोटीची ७ आहे.

पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग या खनिजगटाने बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजेच या काळ्या पाषाणात, त्याचा कॅल्शियमयुक्त प्रकार असतो. चिनी मातीची भांडी, फरशा आणि काच यांसाठी लागणारा पोटॅशयुक्त व सोडायुक्त फेल्डस्पार मुख्यतः राजस्थानसारख्या प्रदेशांतून येतो. तो भट्टीत लवकर वितळून इतर घटकांना सांधतो.

तरीही आपल्या शेतकऱ्याला आपलाच फेल्डस्पार अधिक जवळचा आहे, कारण पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांच्या दीर्घ क्रियेने तो कुजतो, त्यातील कॅल्शियम मोकळे होते आणि पाषाणातील इतर खनिजांसह त्याची चिकणमाती बनते. कृष्णाकाठची काळी जमीन अशाच मातीची आहे. मुरमातील मऊ पांढरे ठिपके ही त्याचीच मधली अवस्था असते.

गडाच्या वाटेवर ही माहिती देणारा मराठी फलक लावावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा