शेरू जेवत नाहीये, म्हणून हे पत्र

पुणे, २० जून

ती. बाबा आणि ती. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, काल तू सांगितलंस की शेरू अजून फाटकाच्या बेड्यापाशी बसून असतो आणि दूधभात हुंगून उठून जातो. तेव्हापासून जिवाला चैन नाही. फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सबंध मे महिना ओवी आणि कबीर त्याच्याबरोबर होती. सकाळी विहिरीवर, दुपारी कलमांखाली, रात्री पडवीत. मग शाळेची वेळ आली आणि एका दुपारी गाडी निघून गेली. त्याला घड्याळ कळत नसलं तरी कशामागून काय येतं ते पक्कं कळतं. चहाची भांडी वाजली की मुलं उठायची, मुलं उठली की फिरायला जायचं. आता भांडी वाजतात आणि पुढचं काहीच होत नाही. म्हणून मला वाटतं, लाड वाढवण्यापेक्षा त्याचा दिवस पुन्हा बांधून द्यायला हवा. जेवण रोज त्याच वेळेला, त्याच जागी. नाही खाल्लं तर वीसेक मिनिटांनी उचलून ठेव. आई, मागे मागे घास घेऊन फिरू नकोस. न खाल्ल्यावर तू जवळ येऊन बसतेस, हे तो लगेच शिकेल. सकाळी गोठ्याकडे जाताना त्याला बरोबर ने. अंगणात मूठभर सुके बोंबील विखरून टाक आणि शोधू दे. नाकाला काम मिळालं की कुत्रं शांत होतं.

ओवीने तिचा न धुतलेला फ्रॉक पार्सलने पाठवलाय. तो त्याच्या गोणपाटावर ठेव. अमेरिकेत एमोरी विद्यापीठात कुत्र्यांना जागेपणी निश्चल पडून राहायला शिकवून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले होते. निरनिराळ्या वासांपैकी ओळखीच्या माणसाच्या वासाला मेंदूतला सुखाची अपेक्षा जागवणारा भाग सगळ्यांत जास्त जागा झाला, माणूस समोर नसतानाही. व्हिडिओ कॉल मात्र काही दिवस त्याच्यासमोर नको. आवाज येतो, माणूस सापडत नाही, मग तो घरभर शोधत फिरतो. मुलांना मी समजावलंय.

आता खरी काळजीची गोष्ट. तो मुलांच्या आठवणीनेच झुरतोय असं धरून बसू नका. शाळा सुरू होतात त्याच सुमारास पाऊस लागतो, आणि गोचीडही वाढतात. गोचीडताप गोचीड चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी दिसतो, आणि सुरुवात अशीच होते: खाणं कमी, एका जागी पडून राहणं. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, त्यामुळे हात लावून ताप कळायचा नाही. वरचा ओठ उचलून हिरड्या बघ. गुलाबी हव्यात. पांढुरक्या किंवा पिवळट दिसल्या, लघवी तांबडी झाली, किंवा दिवसभर त्याने काहीच तोंडात घेतलं नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता देवरुखला दवाखान्यात न्या. उलट्या होत असतील तर डॉक्टरांना आंब्याच्या कोयीचंही सांगा. मुलं चोखलेल्या कोयी त्याला टाकत होती, आणि कोय आतड्यात अडकू शकते.

कानांच्या आत, मानेखाली आणि बोटांच्या बेचक्यांत रोज बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, हाताने चिरडू नका. रॉकेल तर मुळीच लावू नका, तो ते चाटतो. आणि बाबा, तुमच्या गुडघ्याची गोळी त्याला अर्धीसुद्धा देऊ नका. तसल्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. तुम्ही मायेने द्याल, म्हणून आधीच सांगतेय.

संध्याकाळी त्याला फिरवायला तुम्ही जाऊ नका, बाबा. पाखाडीवर शेवाळ धरलंय आणि तो दोरी ओढतो. शेजारच्या वहिनींशी मी बोललेय, त्यांचा मुलगा नेईल. तो दहावीत आहे, शाळेतून आल्यावर रोज त्याच वेळेला येईन म्हणालाय. ती वेळ ठरलेली राहिली की शेरू बेड्यापाशी बसला तरी कुणाची तरी वाट बघून बसेल, आणि ते कुणीतरी रोज येईल.

आम्ही गणपतीला येतोच आहोत. या वेळी निघायच्या दोन-तीन दिवस आधीपासून मुलांनी त्याच्याबरोबरचं खेळणं थोडं थोडं कमी करायचं आणि जेवण आईने द्यायचं, असं आम्ही ठरवलंय. कबीर रडला, पण कबूल झाला.

त्याचं लसीचं कार्ड देवघराच्या फडताळात आहे. रेबीज आणि लेप्टोची (उंदरांच्या लघवीमुळे चिखलपाण्यातून पसरणाऱ्या तापाची) तारीख बघून मला फोटो पाठवा. लेप्टोची लस दरवर्षी द्यावी लागते, आणि बाबा, तुम्हीही लावणीच्या चिखलात पायाला जखम असताना उतरू नका.

उद्या सकाळी हिरड्यांचा रंग बघून फोन करा. मी नऊपर्यंत घरीच आहे.

तुमची,
सुमा