धाकटीचे केस

प्रिय कुंदा,

दिवाळीनंतर पत्र नाही म्हणून रागावली असशील. राग बाजूला ठेव आणि आधी हे वाच. आम्ही बरे आहोत. ह्यांची साखर आटोक्यात आहे, माझा गुडघा पावसापुरता कुरकुरतो. झालं.

धाकटीला सिनेमा मिळाला.

एकोणिसाव्या शतकातल्या कोकणातल्या विधवेचं काम आहे. मुख्य नाही, पण मोठं आहे. दिग्दर्शकाला टोपी चिकटवून केलेलं टक्कल नको, कॅमेरा जवळ गेला की कड दिसते म्हणे. खरे केस उतरवायचे, तेही कॅमेऱ्यासमोर. पोरीनं ‘हो’ म्हटलं आणि मग मला फोन केला!

तिच्या केसांवरच तर तिचं पोट आहे गं. कॉलेज संपल्यापासून साड्यांचे कॅटलॉग, दागिने, लग्नसराईतले रॅम्प शो आणि आता ते केसांचं तेल. त्या करारात केस खांद्याच्या वर न्यायचे नाहीत असं कलमच होतं. करार मार्चमध्ये संपला, पुढचा करायला ते तयार आहेत. आणि ही निघाली मुंडण करायला.

तुला पर्सिस आठवली ना? मला तर फोन ठेवायच्या आधीच आठवली. तुझ्या माडीवरच्या कपाटाला आतून चिकटवलेली ती दोन चित्रं. एकात मुकुट घातलेली पर्सिस खंबाटा, दुसऱ्यात ‘स्टार ट्रेक’मधली, तुळतुळीत डोक्याची. तुझ्या आजीनं नेमकं ते दार उघडलं आणि दुसऱ्या चित्राकडे बघून हळहळली, ‘एवढ्या लहानपणी गेला का गं हिचा नवरा?’ आपण जिन्यात बसून पोट धरून हसलो होतो.

आणि त्याच चित्रावरून तू माझ्याशी अबोला धरलास. तुझं म्हणणं, हिनं आपलं सगळं भांडवल न्हाव्याच्या हाती दिलं. माझं म्हणणं, हेच तिचं पहिलं खरं काम. मी अजून तेच म्हणते, तू कितीही तोंड वाकडं कर. तेराव्या वर्षी रेक्सोनाच्या जाहिरातीत आली, 1965 मध्ये सोळाव्या वर्षी मिस इंडिया झाली. मग आणखी जाहिराती, मग दिग्दर्शक ख्वाजा अहमद अब्बास यांच्या ‘बम्बई रात की बाहों में’मध्ये कॅबरे गायिका. जिथं गेली तिथं चेहराच पुढे करायचा. परदेशात जाऊन सिनेमे मिळवले, तरी तेच. ‘स्टार ट्रेक’मधल्या इलियाच्या भूमिकेसाठी मात्र ती ऑडिशनलाच टकलाची टोपी घालून गेली, आणि निवड झाल्यावर खरे केस काढले. पुढे आपण तो सिनेमा व्हिडिओवर पाहिला तेव्हा आठवतंय? केस नाहीत, हसू नाही, आवाज यंत्रासारखा सपाट. उरतात फक्त डोळे, आणि त्या डोळ्यांवर ती सगळं पेलते. तेव्हा तूसुद्धा गप्प झाली होतीस.

हे सगळं मी धाकटीला सांगितलं असतं तर ती खूश झाली असती. पण पुढचं कसं सांगू?

ती भूमिका आधी मालिकेसाठी होती, म्हणजे पुढची काही वर्षं बांधलेली. मालिकेचा सिनेमा झाला, 1979 मध्ये आला, आणि इलिया त्या एका सिनेमातच संपली. 1980 मध्ये पर्सिस ऑस्करच्या मंचावर पुरस्कार द्यायला उभी राहिली, असा मान मिळालेली पहिली भारतीय. त्याच वर्षी जर्मनीत मोटारीचा भयंकर अपघात झाला. 1981 मध्ये स्टॅलोनच्या सिनेमात दहशतवादी बाई, मग आणखी थोडी कामं, आणि 1983 मध्ये हृदयाची बायपास. पस्तिशीसुद्धा उलटली नव्हती. ऑगस्ट 1998 मध्ये इथे मुंबईत हृदयविकारानं गेली, 49 वर्षांची. आदल्याच वर्षी तिनं मिस इंडियांवर पुस्तक काढलं होतं. आणि बातम्यांत मात्र पुन्हा ते टकलाचंच चित्र.

कुंदा, मला रात्री झोप लागत नाही ती ह्यामुळे. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. कमरेपर्यंत यायला पाचेक वर्षं, तोवर ही तिशी ओलांडेल. त्या पाच वर्षांत कोण बोलावणार? काम गाजलं तर दहा जण पुन्हा विधवाच देऊ करतील. नाही गाजलं तर तेलही गेलं. आणि तरी फोनवर तिचा आवाज इतका वेगळा होता! पहिल्यांदाच कुणीतरी तिला उंची, वजन न विचारता संवाद वाचायला लावला होता. तीन पानं. त्या पानांबद्दलच अर्धा तास बोलत होती.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. त्यांच्या आत्या सोवळ्या होत्या, लाल आलवणातल्या. न्हावी यायचा त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत, हे सासूबाई आजही सांगतात. त्यांच्यासमोर नात तशी येऊन उभी राहील तेव्हा काय होईल, मला कल्पना करवत नाही.

तुझं काय चाललंय? नातवाच्या बारशाचे फोटो पाहिले, नाक थेट तुझं आहे, बिचारा. भोपाळचं घर घाईनं विकू नकोस. जावयांची बदली रद्द झाली का? ते नंतर सविस्तर लिही.

आता काम सांगते. तिची लूक टेस्ट रविवारी आहे, सहीही तेव्हाच. त्याआधी तिला फोन कर. मी बोलले की ती फक्त आईची भीती ऐकते. तुझं ऐकेल, कारण त्या साडीच्या कॅलेंडरसाठी तुला विचारायला माणूस घरी आला होता आणि नानांनी त्याला दारातूनच परत पाठवलं, हे तिला माहीत आहे. ‘कर’ म्हणू नकोस, ‘नको करूस’ही म्हणू नकोस. त्यानंतर तुझं काय झालं ते सांग. मला कधी सांगितलं नाहीस, तिला सांग. आपण ह्या एका गोष्टीवर कधी धड भांडलोसुद्धा नाही.

आणि तिला एक गोष्ट विचार. केस उतरवल्यावर सिनेमा मध्येच बंद पडला तर पैसे किती, आणि विग लावून दुसरी कामं करायला मोकळीक आहे का, हे करारात लिहून घेतलंय का? मी विचारलं की ‘आई, एजन्सी बघते’ म्हणते. तू बँकेत होतीस, तुझ्यापुढे असली उत्तरं चालणार नाहीत. दुपारी दोननंतर कर, त्याआधी ती उठत नाही.

तुझी,
विजू