टाक्यांखाली राहून गेलेली नस

मा. संपादक,

ज्वारीची काढणी उरकली की मराठवाड्यात गावोगावी कडबाकुट्टीची यंत्रे सुरू होतात आणि पेंढी आत सरकवताना बोटे किंवा तळहात कापल्याच्या घटनाही त्याच दिवसांत कानावर येऊ लागतात. मोडलेल्या हाडाकडे सहसा दुर्लक्ष होत नाही, कारण ते एक्स-रेत दिसते. टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, आणि नस, म्हणजे रक्तवाहिनी नव्हे तर स्पर्श व हालचालीचे संदेश नेणारा मज्जातंतू, तिथे दिसत नाहीत. जवळच्या दवाखान्यात रक्त थांबवून, धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन कातडीला टाके घातले की घरचे लोक निर्धास्त होतात. लातूर परिसरात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

ही माणसे आमच्याकडे येतात ती दोन-तीन महिन्यांनी. जखम छान भरलेली असते, पण कुणाला बोटाचे शेवटचे पेर वाकवता येत नाही, त्यामुळे खुरप्याची मूठ धरवत नाही. एखाद्या बाईच्या अंगठ्याला आणि तर्जनीला स्पर्शच कळत नाही, आणि भाकरी उलटताना तव्याचा चटका बसून फोड आला तरी तो दुसऱ्याने दाखवल्यावरच तिच्या लक्षात येतो.

टेंडन पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बहुधा थेट जोडता येते. उशीर झाला की त्याचे तुटलेले टोक आखडून वर सरकते आणि मग शरीरातल्या दुसऱ्या जागेचे टेंडन घेऊन, अनेकदा दोन टप्प्यांत, शस्त्रक्रिया करावी लागते. नसेचे गणित याहून कठोर आहे. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि स्नायूपर्यंत पोहोचायला तिला वर्ष-दीड वर्षाहून अधिक काळ लागला तर तो स्नायू पुन्हा कामाला लागण्याची आशा फारशी उरत नाही. म्हणून जखम दंडावर, म्हणजे पंजाच्या स्नायूंपासून लांब असेल तर वाया गेलेला प्रत्येक आठवडा महाग पडतो.

हे ओळखायला मोठे यंत्र लागत नाही. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देण्यापूर्वी रुग्णाला प्रत्येक बोटाचे पेर वेगवेगळे वाकवायला आणि सरळ करायला सांगावे, बोटाच्या दोन्ही कडांना कापूस लावून स्पर्श समजतो का ते विचारावे, आणि जे आढळेल ते केसपेपरवर लिहावे. भूल दिल्यानंतर स्पर्शाची तपासणी निरर्थक ठरते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा आहे. शंका आली तर जखम धुऊन, पट्टी बांधून रुग्णाला त्याच दिवशी लातूर, अंबाजोगाई, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवावे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतील डॉक्टरांवर कामाचा किती भार असतो हे मी जवळून पाहतो. तरीही ही दोन-तीन मिनिटे काढावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अपघातात शेतकऱ्याचा एक हात निकामी झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून शासन १ लाख रुपये देते, आणि ते योग्यच आहे. पण तो हात निकामी होऊ नये यासाठीही खर्च व्हायला हवा. टेंडन जोडल्यानंतर साधारण ६ आठवडे स्प्लिंट (हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार) आणि देखरेखीखालचे व्यायाम लागतात, जड काम सुमारे १२ आठवडे वर्ज्य असते. त्यासाठी रेणापूर किंवा केजकडच्या खेड्यातून दर आठवड्याला मोठ्या शहरात येणे रोजंदारीवरच्या माणसाला परवडत नाही. तो मध्येच येणे बंद करतो आणि जोडलेले टेंडन आजूबाजूला चिकटून बोट ताठ होते. उपजिल्हा रुग्णालयांत कायमस्वरूपी फिजिओथेरपिस्ट आणि हाताचे स्प्लिंट बनवण्याचे साहित्य असावे, एवढी मागणी आरोग्य विभागाने पुढच्या सुगीआधी मान्य करावी.

– एक फिजिओथेरपिस्ट, लातूर